भांड्यातला हात

"आधी चपला काढ," द्वारकाकाकी म्हणाली. "चपला घातलेल्या माणसाकडे ते येणत नाय."

मी मांगराच्या, म्हणजे घरामागच्या कामाच्या खोपटाच्या, दारात उभा होतो. हातात पिशवी, पिशवीत टेस्टर, पक्कड आणि टेपची गुंडाळी. तिन्हीसांज झाली होती आणि आत उजेड जेमतेम होता. काजूच्या बोंडांचा आंबलेला रस नाकाला झोंबत होता. मधोमध तांब्याचं मोठं भांडं नुकतंच तापायला लागलं होतं आणि तापताना बारीक गुणगुणत होतं. ती गुणगुण माझ्या ओळखीची होती, कारण तीन वर्षांपूर्वी त्या भांड्याचं वायरिंग मीच केलं होतं. ओळखीची वाटत नव्हती ती काकी. मोकळं कपाळ, अनवाणी पाय, आणि शेजारी कुणी आजारी माणूस झोपला असावा तसा दबका आवाज.

"आणि पाय धू. थंय बालदी आसा. सुक्या पायांका तेंचो हात लागणा नाय."

मी सरकारी लायसन्स असलेला वायरमन. चपला काढ, पाय ओले कर आणि मग चालू भांड्याला हात लाव. वायरमनला मारायचं असेल तर याहून चांगली कृती कुणी सांगू शकणार नाही. एरवी मी हसलो असतो. पण काकी हे इतक्या मायेने सांगत होती, की माझ्या अंगावर काटा आला.

"कोणाचो हात, काकी?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, वाटेत शेवंतीने सांगितलं होतं. तरी विचारलं.

"तुझ्या काकांचो," ती म्हणाली.

काका म्हणजे बाबली आरोसकर. त्यांना जाऊन अडीच महिने होत आले होते.

मला बोलवायला आली ती शेजारची शेवंती. हंगामात ती काकीकडे बोंडं चेचायला जायची. त्या दिवशी दुपारी उन्हातून धापा टाकत ती माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "दिगू, चल बाबा. माका भांड्यान फेकल्यान. थेट फेकल्यान! आणि काकी बसून हसता. म्हणता, तुका वळखूक नाय ते, म्हणान ढकलल्यानी." शेवंतीचं म्हणणं, राखणदार, म्हणजे त्या जागेची राखण करणारा देव, कोपलाय. कुणी तरी त्याला गाऱ्हाणं घालायला हवं, आणि नसेल घालायचं तर निदान वायरमनने तरी यायला हवं. माझी गणती दुसऱ्या नंबरला होती.

आमच्या हेदुळवाडीत हंगामात काजूची दारू घरोघर गाळली जायची. परवान्याचं विचारू नका, आमच्याकडे ते विचारायची पद्धत नाही. बाकी सगळे लाकडं जाळायचे. बाबलीकाकांना मात्र डॉक्टरने धुराची बंदी केली, छाती भरायची त्यांची. दुसरा कुणी असता तर धंदा बंद करून ओटीवर बसला असता. काका उठले आणि एका बंद पडलेल्या लॉजच्या भंगारातून पाणी तापवायची कॉइल घेऊन आले. ती त्यांनी स्वतः भांड्याच्या बुडाशी भोक पाडून बसवली, झाळली आणि मग मला बोलावलं.

"ह्या आमचा कारखाना," भांड्यावर थाप मारत ते म्हणाले. "तू फक्त वीज जोड."

त्यांच्या उजव्या हाताला तेव्हाच कंप सुरू झाला होता. चहाचा कप बशीत वाजायचा. ते लाजायचे नाहीत. "माझो हात गाणी म्हणता," म्हणायचे.

वीज जोडण्याआधी मी अर्थिंगवर अडून बसलो. आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'अर्थ' म्हणतात. भांड्यात वीज गळलीच, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट हवी, नाही तर ती माणसातून जाते. त्यासाठी जमिनीत पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, आणि भांड्याची तार त्याला जोडायची. पण हेदुळवाडीत जमीन कुठली? सगळा जांभा दगड. चार ठिकाणी पहार मारली, चारही ठिकाणी हाताला झिणझिण्या आल्या. शेवटी मांगरामागे, हेदूच्या झाडाखालच्या राखणदाराच्या दगडापाशी, पहार लोण्यात जावी तशी आत गेली. भर चैत्रात माती काळी आणि ओली होती.

"थंय?" काका म्हणाले. "राखणदाराच्या पायाकडे?"

"तुमचो राखणदार रागावतलो?"

काकांनी हात जोडले, आपल्या जागेवाल्याशी पुटपुटत काही बोलले, कान देऊन थोडा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "घाल. ओल आसा. ओल ऱ्हवतली."

झाडाखालची ओल ती, कायमचीच असणार, असं मी धरून चाललो. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावायचो, उन्हाळ्यात अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत जा. इथे तेवढं एक वाक्य बोललो नाही. बोलायची गरजच काय, असं वाटलं होतं.

तर आता त्याच भांड्यापुढे मी चपला काढल्या. का काढल्या, ते आजही मला नीट सांगता येत नाही. काकी वाट बघत होती, एवढंच. पाय मात्र धुतले नाहीत. आणि तळवा न लावता हाताची मागची बाजू हळूच टेकवली, कारण तळव्याने धरलं तर मूठ आवळते आणि मग सुटत नाही.

मूठ मी आवळू दिली नाही. पण त्या तांब्याच्या पत्र्यातून जे माझ्या बोटांना लागलं, ते थरथरत होतं. शॉक म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक आहे, दिवसातून एकदा तरी बसायचा. हा तसा नव्हता. हळू, एका लयीत, म्हाताऱ्या माणसाने कप धरावा तशी ती थरथर होती. माझ्या डोळ्यांपुढे काकांची बशी आली. मी हात मागे घेतला.

"वळखलंस?" काकी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

मी चपला घातल्या. टेस्टर लावला. त्यातला लाल दिवा भक्कन पेटला.

"काकी, ह्या करंट आसा."

"आसांदे."

"काकी, ह्येना माणूस मरता."

"पयल्यांदा फकत बोटांक लागला," मी बोललोच नाही अशा थाटात ती सांगू लागली. "बाराव्याक पंधरा दीस झाले असतीत. मी म्हटलंय, भास झालो. दुसऱ्या दिसा परत. मगे पंजो धरल्यानी. मगे मनगाट. आता कोपरापर्यंत येतत. रोज वायच वायच वर." तिने उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताच्या बोटाने दंडापाशी खूण केली. "परवा हंयसर. लाइट नसली तर येणत नाय. रविवारी दीसभर लाइट नव्हती, मी हंयच बसान होतंय. जेवूक पण गेलंय नाय."

मी भिंतीकडे गेलो आणि प्लग ओढून काढला. गुणगुण थांबली.

"घाल तो," काकी म्हणाली.

"काकी…"

"दिगू, घाल तो परत!"

इतक्या वर्षांत तिने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तिने भांड्यावर तळवा ठेवला, मग दुसरा ठेवला. आपलं माणूस गर्दीत हरवल्यावर बाई बघते तशी ती त्या भांड्याकडे बघू लागली.

"ह्येका अर्थ नाय ऱ्हवलो," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. "कॉइल फुटली असतली. वीज भांड्यात येता, आणि जमिनीत जाऊक तिका वाट गावणा नाय. म्हणान ती तुझ्यातून जाता. आज दंडापर्यंत, फाल्या छातीपर्यंत. छातीत गेली काय संपला, काकी."

"मगे?" ती म्हणाली.

नुसतं 'मगे'. कधी तरी जायचं आहे, एवढा साधा सूर. मी हबकलो. तिला सगळं कळलं होतं आणि तिला ते हवं होतं. मुलगी बेळगावला दिलेली, घरात दुसरं माणूस नाही, आणि गेलेला नवरा रोज थोडा थोडा वर चढत तिला न्यायला येत होता.

"शेवटच्या चार दिसांत तेंका बोलाक येय नव्हता," ती म्हणाली. "जीभ गेली. माझो हात धरून ऱ्हवले. एकच शब्द काय तो कसोबसो: पाणी. पाणी. मी पेलो लावलंय तर तोंड फिरवल्यानी. परत पाणी. चमच्यान घातलंय, थुकून टाकल्यानी. गंगा घातलंय, ती पण नाय. डोळ्यांत पाणी तेंच्या. हात असो मागे मागे दाखवीत होते. माझा माणूस तानेन गेला, दिगू. मी पाणी घेवन बसलंय होतंय, आणि माझा माणूस तानेन गेला." पदराने तिने तोंड पुसलं. "म्हणान ते येतत. मी तेंका पाणी दिवूक शकलंय नाय. आता ते माका न्हेतीत, तर न्हेवंदेत."

प्लग माझ्या मुठीत होता. किती दिवस मी तो मुठीत धरून बसणार होतो? मी गेलो की ती तो लावणार.

"तू म्हणतंस अर्थ नाय," काकी म्हणाली. "मगे तीन वर्सां कसो होतो? तूच घातलंस मा?"

"होय."

"तुझो पाइप खंय पळालो?"

म्हातारीने नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. कॉइल खराब होणं मी समजू शकत होतो, पण आठ फूट पुरलेला पाइप, मीठ, कोळसा, सगळं माझ्या हाताने भरलेलं. त्याला काय झालं? मी वायर प्लगपाशीच कापली, नुसता प्लग खिशात घातला आणि मागे गेलो.

राखणदाराचा दगड हेदूच्या झाडाखाली होता तसाच होता. तार जागच्या जागी, नटबोल्ट घट्ट, गंजसुद्धा नाही. मी गुडघ्यावर बसून पाइपाभोवती हात घातला. माती भुरभुर उडाली. तीन वर्षांपूर्वी पहार लोण्यासारखी गेली होती, तिथे आता नुसती राख होती. कडेने मिठाचा पांढरा थर आणि मधे बोट जाईल एवढ्या भेगा. झाड तेच, महिना तोच, सावलीही तीच. आणि थेंबभर ओल नाही.

मला एकाएकी भीती वाटली. काळोख पडत होता, झाडावर पाखरांचा आवाज बंद झाला होता, आणि आपण कुणाच्या तरी दारात न विचारता बसलोय असं वाटायला लागलं. 'ओल आसा. ओल ऱ्हवतली.' कुणाच्या जिवावर म्हणाले होते काका?

शेवंती बोळाच्या तोंडाशी उभी होती, पुढे यायला तयार नव्हती. मी तिथूनच ओरडलो, "शेवंते, हंय पाणी येय खंयसून?"

"राखणदाराक घालीत ना!" ती म्हणाली. "बाबलीकाका. रोज तिन्हीसांजेक एक कळशी, आणि पयल्या धारेचो पेलो. पावसात सुदीक चुकूचे नाय."

"आणि आता?"

"आता कोण घालतलो? घरात पुरुषमाणूस खंय आसा? बायलमाणसान थंय पाणी घालूचा नसता."

मी पाइप धरून तसाच बसून राहिलो. माझं सगळं शहाणपण त्या भुरभुरीत मातीत गेलं होतं. झाडाची ओल नव्हतीच ती. काकांनी रोज ओतलेली कळशी होती. माझा अर्थ तीन वर्षं त्या कळशीवर जगला होता, आणि ती थांबली त्या दिवसापासून माती एकेक बोट सुकत गेली. बोटं, पंजा, मनगट, कोपर. तिकडे ओल खाली उतरत होती आणि इकडे हात वर चढत होता. मीठ-कोळशाचं गणित मला येत होतं. ज्या घरात तो खड्डा होता, त्या घरात तिथे पाणी कुणी घालायचं आणि कुणी नाही, ते मी विचारलंच नव्हतं.

मी आत आलो. काकी भांड्याला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं. पाइप, माती, कळशी. समजावून वगैरे नाही, जसं आठवलं तसं. ती ऐकत होती की नाही कळेना. मग ती अचानक सरळ बसली.

"बेळगाव," ती म्हणाली.

"काय?"

"गेल्या वर्सा चेडवाकडे धा दीस गेलो होतो आमी. ह्याच दिसांत. परत इलो, ह्येंनी भांड्याक हात लावलो आणि झटक्यान मागे घेतलो. मी म्हटलंय काय झाला? तर म्हणाले, काय नाय, राखणदार रागावलो. तसेच उठले, कळशी घेवन मागे गेले. सात कळशे घातल्यानी त्या दिसा. सात. मी मोजलंय, मी हसलंय पण." तिचा आवाज बारीक झाला. "मगे इले, पयलो आपण हात लावून बघितल्यानी, आणि मगे माका म्हणाले, आता तू ये."

आंबणाऱ्या रसात एक बुडबुडा फुटला.

"पाणी," काकी म्हणाली. "आपणाक नको होता तेंका. थंय घाल म्हणा होते." तिने हात मागे नेला, काका दाखवायचे तसा, राखणदाराच्या दिशेने. "मी मरान म्हणान जीव तुटा होतो तेंचो. आणि मी तेंच्या तोंडात चमचे घाली होतंय."

ती रडली नाही. उठली, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि बाहेर गेली. विहिरीवर राहाट वाजला. शेवंतीचा आवाज आला, "काकी! थंय तू नको! काकी, देवाक तरी भी!" काकीने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पाणी मातीत पडल्याचा आवाज मात्र आला. तापलेल्या तव्यावर पडावं तसं ते चुरचुरलं.

मी कापलेली वायर जोडली, प्लग लावला, चपला घट्ट घातल्या आणि टेस्टर भांड्याला टेकवून उभा राहिलो. कारण आता आधी खात्री करायची पाळी माझी होती.

दिवा भक्क होता. दुसरी कळशी, तसाच. तिसरीला मला वाटलं की कमी झाला, पण नक्की सांगता येईना. बाहेर राहाट, पावलं, पाणी, पुन्हा राहाट. पाचवीला तो खरंच मंदावला आणि थरथरायला लागला. अंधारात तेवढा एकच लाल ठिपका होता, आणि मी त्याच्याकडे बघत असताना कुणी तरी माझ्या शेजारून सावकाश बाहेर जातंय असं मला वाटलं. मी वळून बघितलं नाही. आज साठी उलटली तरी मी शपथेवर सांगेन, मी वळून बघितलं नाही, कारण बघायचं धाडस नव्हतं. सातव्या कळशीला दिवा गेला.

काकी दारात आली. कमरेपासून खाली भिजलेली, पाय चिखलाने भरलेले, अनवाणी.

"गेलो?" तिने विचारलं.

"गेलो. पण थांब, मी आधी…"

मी हाताची मागची बाजू लावली. मग तळवा लावला. नुसतं तांबं, गरम होत चाललेलं. मी बाजूला झालो.

"आता तू ये," मी म्हणालो. माझ्या तोंडून तेच शब्द कसे आले, कोण जाणे.

तिने भांड्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बोटं हळूहळू सरकवत तिने सगळ्या बाजूंनी चाचपून बघितलं, आणि मग तोंडात पदराचा बोळा कोंबून ती मटकन खाली बसली. अडीच महिन्यांचं रडणं ते. शेवंती आत आली आणि तिला धरून बसली. मी प्लग काढला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉइल बदलली. जुनीला बुडापाशी लांब चीर होती आणि तिच्यात हिरवट कीट साचलं होतं. चीर कालपरवाची नव्हती, वर्ष-दीड वर्ष तरी जुनी असावी. वीज गळली की आपोआप पडणारा स्विचही बसवला आणि काकीला तो दाबून दाखवला. त्या दिवसापासून कुठल्याही घरात अर्थ घातला, की तिथे पाणी घालायचं हे मी आधी घरातल्या बाईला सांगतो.

वाडीत थोडे दिवस कुजबुज झाली. बायलमाणूस राखणदाराला पाणी घालते म्हणून दोघेतिघे सांगायला आले. काकी म्हणाली, "तेंका विचारलंय मी. चलता म्हणाले." कुणाला विचारलं, ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारायला धजलं नाही.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. नव्या कॉइलला त्या कळशीची तितकी गरज नव्हती, हे मी तिला कधी बोललो नाही. एकदा तिन्हीसांजेला सहज तिच्याकडे गेलो होतो. ती मागून रिकामी कळशी घेऊन आली, मांगरात शिरली आणि नुकत्याच चालू केलेल्या भांड्यावर तळवा टेकवून डोळे मिटून उभी राहिली.

"काकी, काय लागता?"

"काय नाय," ती म्हणाली.

"मगे रोज हात कित्याक लावतंस?"

"ताच बघतंय," डोळे न उघडता ती म्हणाली. "काय लागला नाय, म्हणजे तेंका पाणी पावला."